बालवयातील मेंदूची इजा : ‘केनार्ड-तत्त्व’ आणि बाल-मज्जामानसशास्त्रज्ञाचे कार्य

लहानपणी मोडलेले हाड लवकर सांधते, हा अनुभव सार्वत्रिक आहे. मेंदूच्या बाबतीतही असेच घडत असावे, असे लोकांस वाटत आले आहे. आणि केवळ लोकांसच नव्हे. अपघातात डोक्याला मार बसलेल्या तीन वर्षांच्या मुलाच्या आईबापांना ‘वय लहान आहे, सारे भरून निघेल’ असा जो दिलासा देण्यात येई, त्याला विसाव्या शतकात एका शास्त्रीय तत्त्वाचे नाव मिळाले होते. मेंदूची इजा जितक्या लहान वयात, तितका तिचा परिणाम सौम्य, असे हे ‘केनार्ड-तत्त्व’ होय. या तत्त्वाचा उदय कसा झाला, ज्या संशोधिकेचे नाव त्यास देण्यात आले तिने खरोखर काय म्हटले होते, आणि ते कशामुळे ढासळले, हे पाहू गेल्यास बाल-मज्जामानसशास्त्र ही स्वतंत्र शाखा का निर्माण झाली याचाही उलगडा होतो.

या शाखेतील शास्त्रज्ञाचे काम काय, हे प्रथम सांगितले पाहिजे. तो शस्त्रक्रिया करीत नाही, औषधही देत नाही. अपस्मार, डोक्याची इजा, मस्तिष्कावरणशोथ, मेंदूतील गाठ, अकाली जन्म अशा कारणांनी ज्याच्या मेंदूच्या वाढीत विघ्न आले आहे, अशा मुलाची भाषा, स्मृती, अवधान, अवकाशज्ञान व कामाची आखणी करण्याची शक्ती यांची तो कसोट्यांच्या साहाय्याने मोजणी करतो; घरचा व शाळेचा वृत्तांत त्या मोजणीशी ताडून पाहतो; आणि पुढे काय अपेक्षावे हे पालक, शिक्षक व वैद्य यांना सांगतो. प्रौढ रुग्णाच्या बाबतीत इजेपूर्वीचा मनुष्य ठाऊक असतो. तो हिशेबनीस होता, आता त्याला बेरीज जमत नाही, एवढे म्हटले की हानीचा अंदाज येतो. दोन वर्षांच्या मुलाला बेरीज मुळातच येत नसते. त्याने काय गमावले हे सांगण्यासाठी त्याला पुढे काय मिळावयाचे होते हे कळले पाहिजे. ही अडचण ध्यानात घेतली म्हणजे या शास्त्राचा इतिहास चुकत-माकत का पुढे गेला हे समजते.

इतिहासाचा आरंभ पॅरिसमध्ये होतो. पॉल ब्रोका यांनी १८६१ मध्ये वाचा गमावलेल्या एका रुग्णाचा मेंदू शवविच्छेदनानंतर शास्त्रीय मंडळापुढे मांडला आणि १८६५ मध्ये वाणीचे स्थान डाव्या गोलार्धाच्या ललाटखंडात असल्याचे प्रतिपादन केले. त्याच लेखात त्यांनी एक अपवाद स्वतःच पुढे केला. डाव्या गोलार्धाचा तो भाग जन्मतः किंवा बालपणीच नष्ट झाला, तर मूल उजव्या गोलार्धाच्या आधाराने बोलावयास शिकू शकेल, असे त्यांनी सुचविले. तीनच वर्षांनी, १८६८ मध्ये, ज्यूल कोतार यांनी आपल्या प्रबंधात असे रुग्ण नोंदविले. बालपणापासून डावा गोलार्ध आकसलेला, उजवे अंग लुळे, परंतु वाचा शाबूत, असे त्यांचे स्वरूप होते. १८७६ मध्ये ब्रेस्लाउ येथील ओटो झोल्टमान यांनी नवजात कुत्र्यांच्या मेंदूचा हालचालीशी संबंधित भाग काढला असता त्यांना पक्षाघात होत नाही, असे दाखविले. म्हणजे ‘केनार्ड-तत्त्वा’ची बहुतेक सामग्री केनार्ड यांच्या जन्मापूर्वीच गोळा झाली होती.

तथापि ज्यांच्या हाती मुलांचे मोठे समूह होते, त्या चिकित्सकांचे मत इतके आशावादी नव्हते. विल्यम ऑस्लर यांनी १८८९ मध्ये फिलाडेल्फिया येथील १५१ मुलांच्या मस्तिष्कीय पक्षाघाताचा वृत्तांत प्रसिद्ध केला. व्हिएन्नातील मुलांच्या एका संस्थेत १८८६ पासून काम करणारे झिग्मुंट फ्रॉइड यांनी १८९१ मध्ये ओस्कार री यांच्यासह आणि १८९७ मध्ये स्वतंत्रपणे याच विषयावर विस्तृत ग्रंथ लिहिले. मनोविश्लेषणाच्या प्रभेत फ्रॉइड यांचे हे काम झाकले गेले, ही खेदाची गोष्ट होय; त्या काळात बालपक्षाघातावरील अधिकारी लेखक म्हणूनच त्यांची ख्याती होती. या वृत्तांतांत वाचा टिकलेली मुले आहेत, तशीच अपस्माराने ग्रासलेली व बुद्धीने मागे पडलेली मुलेही आहेत. एक कार्य वाचले म्हणून बाकीची वाचली असे होत नाही, ही गोष्ट त्या पानांवर स्पष्ट दिसते. पुढील अर्धशतकात ती विसरली गेली.

मार्गारेट केनार्ड (१८९९–१९७५) यांनी १९३० नंतरच्या दशकात येल विद्यापीठात जॉन फुल्टन यांच्या प्रयोगशाळेत माकडांवर प्रयोग केले. मोठ्या मेंदूच्या बाह्यपटलातील हालचालींचे नियंत्रण करणारा भाग प्रौढ माकडातून काढला असता त्याला विरुद्ध बाजूचा तीव्र पक्षाघात होतो. तोच भाग जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यांत काढला असता पिलू थोड्याच काळात उठते, चालते, वस्तू पकडते. १९३६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाने साहजिकच लक्ष वेधून घेतले. परंतु त्या लेखाचे शीर्षकच ‘वय व इतर घटक’ असा उल्लेख करणारे आहे, याकडे उत्तरकालीन लेखकांनी दुर्लक्ष केले. इजेचे क्षेत्र किती मोठे, ती एका बाजूस की दोन्ही बाजूंस, ती एकदम झाली की टप्प्याटप्प्याने, यांवर परिणाम अवलंबून असतो, असे केनार्ड यांना आढळले होते. त्याहूनही महत्त्वाची गोष्ट अशी की त्यांनी आपली पिले वाढत असताना पाहिली. आरंभी जवळजवळ निर्दोष दिसणाऱ्या पिलांच्या अंगात वाढीबरोबर ताठरपणा येऊ लागला. बोटांच्या ज्या सूक्ष्म हालचाली प्रौढ माकडास साधतात त्या त्यांना नीट साधल्या नाहीत. इजा जुनी होती, उणीव मात्र नवी होती. जी हालचाल करण्याचे वयच आले नव्हते तिचा अभाव आधी दिसणार कसा?

अशा प्रकारे केनार्ड यांच्या संशोधनात दोन निष्कर्ष होते. एक, लहान मेंदू आपली कार्ये नव्याने जुळवून घेतो. दुसरा, ही जुळवणी अपुरी असल्याचे पुढे वाढत्या वयात उघडकीस येते. पुढच्या पिढीने पहिला निष्कर्ष उचलला, त्याला ‘तत्त्व’ म्हटले व त्यास केनार्ड यांचे नाव दिले. दुसरा निष्कर्ष त्यांच्या लेखांतच राहिला. टोरोंटो येथील मॉरीन डेनिस यांनी २०१० मध्ये केनार्ड यांच्या मूळ लेखनाचे परीक्षण करून ही गोष्ट साधार दाखविली, आणि या तत्त्वाच्या जनकत्वाऐवजी विकासात्मक मज्जामानसशास्त्राच्या आद्य प्रवर्तकत्वाचा मान त्यांना दिला. तो रास्तच म्हणावा लागेल.

विरोधी मत त्याच काळात मांडले गेले होते. डॉनल्ड हेब यांनी माँट्रियल येथे वाइल्डर पेनफील्ड यांच्या शस्त्रक्रियेतील रुग्णांची परीक्षा केली. ललाटखंडाचा मोठा भाग काढूनही प्रौढ रुग्णाचा बुद्ध्यंक फारसा घसरत नाही, हे त्यांना आश्चर्यकारक वाटले. उलट जन्मकाळी मेंदूस इजा झालेल्या व्यक्तींचे शाब्दिक गुण स्पष्टपणे कमी होते. यावरून १९४२ च्या एका निबंधात व पुढे १९४९ च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात त्यांनी असे अनुमान काढले की बुद्धी संपादन करावयास मेंदूचा जेवढा भाग लागतो, त्यापेक्षा संपादित बुद्धी टिकवावयास कमी लागतो. मॉस्कोतील लेव्ह विगोत्स्की तर याच विचाराच्या अधिक नेमक्या रूपापर्यंत पूर्वीच पोहोचले होते. १९३४ मध्ये, त्यांच्या अकाली मृत्यूच्या वर्षी, प्रसिद्ध झालेल्या टिपणात त्यांनी म्हटले की एकाच जागी इजा झाली तरी मुलामध्ये तिच्यावर उभारावयाचे उच्चतर कार्य अधिक बिघडते, प्रौढामध्ये मात्र तिच्याखालचे कार्य अधिक बिघडते. ज्याचा पाया खचला आहे अशा घराचा वरचा मजला चढतच नाही. चढलेल्या घरातील एखादी भिंत पडली तर बाकीचे घर तिला सांभाळून घेते. हे टिपण पश्चिमेत बराच काळ अपरिचित राहिले.

आशावादी मताला बळ मिळाले ते शल्यचिकित्सेकडून. १९५० मध्ये जोहान्सबर्ग येथील रोलंड क्राइनाउ यांनी बालपक्षाघात व अपस्मार असलेल्या १२ रुग्णांचा निकामी झालेला संपूर्ण गोलार्ध काढून टाकल्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. झटके थांबले, वर्तन सुधारले, आणि काही मुलांचा डावा गोलार्ध गेला असूनही वाचा गेली नाही. यानंतर एल. एस. बासर यांनी १९६२ मध्ये लहानपणी अर्धांग झालेल्या १०२ रुग्णांची माहिती एकत्र केली. बोलू लागण्यापूर्वी इजा झाली असल्यास ती डावीकडे असो वा उजवीकडे, भाषेच्या आरंभात फरक दिसत नाही; आणि बोलू लागल्यानंतर उजव्या गोलार्धाला इजा झालेल्यांपैकीही जवळजवळ निम्म्या मुलांची वाणी काही काळ बिघडते, असे त्यांना आढळले. या आकड्यांच्या आधारे एरिक लेनेबर्ग यांनी १९६७ मध्ये भाषेच्या जैविक आधारावरील आपल्या ग्रंथात एक भव्य उपपत्ती मांडली. जन्मतः दोन्ही गोलार्ध भाषेसाठी समान समर्थ असतात, दुसऱ्या वर्षापासून तारुण्यारंभापर्यंत ती हळूहळू डाव्या बाजूस स्थिर होते, तोवर एका गोलार्धाची जागा दुसरा घेऊ शकतो, असा तिचा आशय होता. भाषाशास्त्राच्या व शिक्षणशास्त्राच्या अभ्यासक्रमांत ही उपपत्ती दीर्घकाळ सिद्धान्त म्हणून शिकविली गेली.

तिच्यातील वैगुण्य पुढे आले ते ब्रायन वुड्स व हान्स-लुकास ट्यूबर यांच्या लेखाने. ट्यूबर यांच्या मृत्यूनंतर १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या लेखात एकाच गोलार्धाला इजा झालेल्या ६५ मुलांची पाहणी आहे. बोलू लागल्यानंतर इजा झालेली ही सर्व मुले होती. उजव्या बाजूच्या इजेने वाचाघात झाल्याची उदाहरणे त्यांच्यात अगदीच थोडी सापडली. प्रौढांतील प्रमाणाहून ती फारशी वेगळी नव्हती. मग बासर यांच्या आकडेवारीतील इतकी मुले आली कोठून? लेखकांनी जुने वृत्तांत कालक्रमाने लावले आणि असे दाखविले की ‘उजव्या’ वाचाघाताची उदाहरणे मुख्यतः प्रतिजैविक औषधांपूर्वीच्या काळातील आहेत. त्या काळी मुलांचे अर्धांग पुष्कळदा गोवर, घटसर्प, फुप्फुसदाह इत्यादी सांसर्गिक रोगांच्या पाठोपाठ येई. असा रोग एका गोलार्धापुरता मर्यादित राहील याची शाश्वती नसते. अंग एकाच बाजूचे लुळे पडले तरी मेंदूची हानी दोन्ही बाजूंस पसरलेली असू शकते. मेंदूच्या आतील चित्र दाखविणारी यंत्रे उपलब्ध नसल्याने लुळ्या अंगावरून इजेची बाजू ठरविण्यावाचून चिकित्सकाला गत्यंतर नव्हते. पेनिसिलीन आले, रोगांचे स्वरूप बदलले आणि ज्या पुराव्यावर उपपत्ती उभी होती तो पुरावाच नाहीसा झाला. पुराव्याचा काळ न पाहता त्याची बेरीज करण्यातील धोक्याचे याहून चांगले उदाहरण शास्त्राच्या इतिहासात विरळा.

गोलार्ध काढलेल्या मुलांचीही नव्याने परीक्षा झाली. डेनिस व हॅरी व्हिटेकर यांनी १९७६ मध्ये अगदी तान्हेपणी ही शस्त्रक्रिया झालेल्या तीन मुलांची, ती नऊ-दहा वर्षांची झाल्यावर, तपासणी केली. तिघेही सहज बोलत होते. परंतु वाक्यरचनेची कसोटी देताच, विशेषतः कर्मणी प्रयोगासारख्या रचना उलगडताना, डावा गोलार्ध गमावलेली मुले मागे पडली. डॉरोथी बिशप यांनी १९८३ मध्ये यावर आक्षेप घेतला की तुलनेसाठी निरोगी मुलांचा पुरेसा गट घेतलेला नाही व तेवढ्या बुद्धीच्या सामान्य मुलांच्याही अशा चुका होतात. हा आक्षेप वजनदार आहे आणि त्याचे पूर्ण निरसन झाले असे म्हणता येत नाही. १९९७ मध्ये लंडनमधील फॅरानेह वर्घा-खादेम व त्यांच्या सहकाऱ्यांनी तर याच्या उलट टोकाचे उदाहरण प्रसिद्ध केले. साडेआठ वर्षांपर्यंत न बोललेल्या एका मुलाचा रोगग्रस्त डावा गोलार्ध काढल्यानंतर, अपस्मारावरील औषधे थांबविली असता, तो नवव्या वर्षी बोलू लागला. मेंदूची लवचिकता ही भाबडी कल्पना नव्हे, हे अशा उदाहरणांवरून मान्य करावेच लागते. वाद लवचिकतेच्या अस्तित्वाचा नव्हताच. तिची किंमत कोणत्या कार्यास व कोणत्या वयात चुकवावी लागते याचा होता.

या दृष्टीने ट्यूबर यांनीच रीटा रुडेल यांच्यासह १९६२ मध्ये केलेला एक छोटा अभ्यास बासर यांच्या गाजलेल्या लेखापेक्षा अधिक टिकाऊ ठरला. एकाच वर्षी दोन्ही प्रसिद्ध झाले, हा योगायोग. जन्मकाळाच्या सुमारास मेंदूस इजा झालेल्या निरनिराळ्या वयांच्या मुलांना त्यांनी तीन कसोट्या दिल्या. एका कसोटीवर ही मुले प्रत्येक वयात निरोगी मुलांच्या मागे होती. दुसरीवर लहान मुले मागे होती, मोठ्या मुलांत फरक उरला नव्हता. तिसरीवर लहान मुलांत फरक नव्हता, मोठ्यांत तो उत्पन्न झाला होता. इजा लहानपणीची म्हणून सौम्य की तीव्र, या प्रश्नाला एकच उत्तर नाही, हे यावरून सिद्ध झाले. कोणती कसोटी व कोणत्या वयात घेतली, हे सांगितल्यावाचून तो प्रश्नच अपुरा राहतो. पॅट्रिशिया गोल्डमन यांनी १९७० नंतर माकडांच्या ललाटखंडावर केलेल्या प्रयोगांत तिसऱ्या प्रकाराचे कारण शोधले. ललाटखंडाचा बाह्यपार्श्व भाग पिलूवयात काढला तर काही दिसत नाही, कारण त्या वयात तो भाग कामाला लागलेलाच नसतो. प्राणी मोठा झाल्यावर उणीव प्रकट होते. मानवी मेंदूत हा भाग किती सावकाश परिपक्व होतो, हे पीटर हटनलॉकर यांच्या १९७९ च्या मोजणीवरून कळते. ललाटखंडातील मज्जापेशींच्या सांध्यांची घनता एक-दोन वर्षांच्या वयात प्रौढांपेक्षा सुमारे ५० टक्के अधिक असते आणि ती सोळाव्या वर्षापर्यंत घटत जाते.

याच सुमारास विरुद्ध दिशेने झालेल्या एका चुकीचा उल्लेख केला पाहिजे. जर्मनीतून अमेरिकेत आलेले आल्फ्रेड श्ट्राउस व हाइन्झ वेर्नर यांनी मिशिगन येथील शाळेत मेंदूस इजा झालेल्या मुलांच्या चंचलपणाचा अभ्यास केला. १९४७ मध्ये श्ट्राउस यांनी लॉरा लेहटिनेन यांच्यासह लिहिलेले पुस्तक विशेष शिक्षणात प्रमाण मानले गेले. त्यातून हळूहळू उलटे अनुमान रूढ झाले की चंचल मुलाच्या मेंदूला इजा असलीच पाहिजे, मग ती दिसो वा न दिसो. ‘अल्पतम मस्तिष्कदोष’ हे निदान १९६० नंतर सर्रास होऊ लागले. १९७० मध्ये मायकेल रटर व सहकाऱ्यांनी आइल ऑफ वाइट बेटावरील मुलांची जी पाहणी प्रसिद्ध केली तिने या गोंधळात थोडी शिस्त आणली. सर्वसाधारण मुलांत मानसिक विकाराचे प्रमाण ६·६ टक्के होते, इतर शारीरिक व्याधी असलेल्यांत ११·५ टक्के, आणि साध्या अपस्मारात २८·६ टक्के. मेंदूचा विकार धोका वाढवितो हे खरे, पण बहुसंख्य मुले तरीही विकाररहित राहतात, हेही त्याच आकड्यांत आहे.

येथपर्यंतचा वाद प्रयोगशाळेचा व ग्रंथांचा होता. त्याचे व्यावहारिक मोल किती मोठे आहे, हे दाखविले रक्ताच्या कर्करोगाने. १९६० पर्यंत तीव्र ल्यूकेमिया झालेले मूल बहुधा काही महिन्यांतच दगावत असे. औषधांनी रक्त स्वच्छ झाले तरी कर्कपेशी मेंदूच्या आवरणांत दडून राहत व रोग उलटे. मेंफिस येथील सेंट ज्यूड रुग्णालयात डॉनल्ड पिंकेल यांनी १९६७ च्या अखेरीस जी योजना सुरू केली तीत डोक्याला २४ ग्रे इतका किरणोपचार व पाठीच्या कण्यातून मेथोट्रेक्झेट देण्यात आले, आणि सुमारे निम्मी मुले दीर्घकाळ जगली. वैद्यकाच्या इतिहासातील हा एक थोर विजय होय. या मुलांच्या बुद्धीचे काय झाले, हे पाहावयास मानसशास्त्रज्ञ बोलाविण्यात आले, आणि १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका परीक्षणाने निर्वाळा दिला की किरणोपचाराचा लक्षणीय दुष्परिणाम दिसत नाही.

निर्वाळा प्रामाणिक होता. परीक्षणाची वेळ चुकली होती. १९७८ मध्ये क्रिस्टीन आयझर यांनी व १९८१ मध्ये ॲना मेडोज व सहकाऱ्यांनी अधिक काळ लोटलेल्या मुलांची परीक्षा केली, तेव्हा बुद्ध्यंक घसरत असल्याचे आढळले. घसरण उपचाराच्या वेळी जी मुले सर्वांत लहान होती त्यांच्यात सर्वाधिक होती. ‘केनार्ड-तत्त्वा’नुसार तीच सर्वांत सुरक्षित असावयास हवी होती.

या घसरणीचा अर्थ लावताना बुद्ध्यंकाचे गणित ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. बुद्ध्यंक ही समवयस्कांशी तुलना असते. समजा, सहा वर्षांच्या मुलाने एका कसोटीत २० प्रश्न सोडविले व त्या वयाची सरासरीही २० आहे. नवव्या वर्षी त्याने २६ सोडविले, परंतु सरासरी ३५ वर गेली. मुलाने काही गमावलेले नाही. उलट सहा प्रश्न कमावले आहेत. तरीही त्याचा बुद्ध्यंक खाली येईल. सेंट ज्यूडमधीलच शॉना पामर, रेमंड मल्हर्न व सहकाऱ्यांनी २००१ मध्ये मेंदूच्या मेड्युलोब्लास्टोमा या गाठीसाठी किरणोपचार झालेल्या मुलांबाबत नेमके हेच दाखविले. त्यांचे मूळ गुण वर्षानुवर्षे वाढत होते, पण समवयस्कांच्या निम्म्याशिम्म्या वेगाने. शिक्षकाच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे. जे मूल शिकलेले विसरत आहे त्याची व्यवस्था वेगळी, आणि जे शिकत आहे पण सावकाश, त्याची वेगळी. आईबापांस सांगावयाचे शब्दही वेगळे. या मोजण्यांचा परिणाम उपचारांवरच झाला. किरणांची मात्रा आधी २४ वरून १८ ग्रेवर आणण्यात आली. पुढे बहुतेक मुलांत डोक्याचा प्रतिबंधक किरणोपचार वगळता येईल काय, याची परीक्षा सुरू झाली. २००९ मध्ये सेंट ज्यूडच्या चिंग-होन पुई व सहकाऱ्यांनी ४९८ मुलांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांच्यापैकी कोणालाही असा किरणोपचार न देता पाच वर्षांचे जीवितप्रमाण ९३ टक्क्यांवर गेले होते.

साधनांचा इतिहास स्वतंत्र लेखाचा विषय आहे. तरी एका साधनाविषयी लिहिल्यावाचून या शास्त्रज्ञाचे प्रत्यक्ष काम डोळ्यांपुढे उभे राहणार नाही. जिनिव्हाच्या आंद्रे रे यांनी १९४१ मध्ये एक निरर्थक, गुंतागुंतीची भौमितिक आकृती तयार केली. पॉल-अलेक्झांद्र ओस्टेरीट यांनी १९४४ मध्ये ४ ते १५ वर्षांच्या २३० मुलांकडून व ६० प्रौढांकडून ती काढवून घेऊन तिची प्रमाणके ठरविली. आकृतीचे १८ घटक, प्रत्येकाला २ गुण, एकूण ३६. मुलाने समोर पाहून आकृती काढावयाची, व काही वेळाने आठवून पुन्हा काढावयाची. गुण मोजणे सोपे आहे. अनुभवी परीक्षक मात्र हात कोठून सुरू होतो ते पाहतो. काही मुले मोठा आयत प्रथम काढून त्यात तपशील भरतात. काही एका कोपऱ्यातील वर्तुळापासून तुकडा-तुकडा जोडीत जातात. क्रम कळावा म्हणून ठरावीक वेळाने मुलाच्या हातातील रंगीत पेन्सिल बदलण्याची पद्धत आहे. सात वर्षांच्या मुलाने तुकडे जोडले तर त्यात नवल नाही. चौदाव्या वर्षीही तो तसेच करीत असेल, तर ललाटखंडाकडे लक्ष वळते. एकच चित्र, गुणही कदाचित तेवढेच. वयावरून त्याचा अर्थ बदलतो.

किशोरवयातच पुष्कळ जुन्या इजा प्रथम दृष्टीस का पडतात, याचे स्पष्टीकरणही येथेच आहे. प्राथमिक शाळेत शिक्षक सांगतात ते करावयाचे असते. माध्यमिक शाळेत आठ विषय, आठ शिक्षक, वह्या, तारखा, परीक्षेचे नियोजन हे सर्व मुलाने स्वतः सांभाळावे अशी अपेक्षा असते. म्हणजे जे कार्य ललाटखंडाचे, त्याचीच मागणी एकदम वाढते. १९९९ मध्ये आयोवा येथील स्टीव्हन अँडरसन व सहकाऱ्यांनी दोन तरुण व्यक्तींचा वृत्तांत प्रसिद्ध केला. दोघांच्या ललाटखंडाला सोळा महिन्यांच्या वयापूर्वी इजा झाली होती व दोघेही लवकर बरे झालेले दिसत होते. बुद्धिमापनाच्या कसोट्यांत ते सामान्य होते. प्रौढपणी अशी इजा झालेल्या रुग्णाचे वर्तन बिघडते, पण योग्य काय हे त्याला सांगता येते. या दोघांना ते सांगताही येत नव्हते. जे शिकण्याचे साधनच शिकण्यापूर्वी गेले, ते शिकले गेले नाही. हेब आणि विगोत्स्की यांचा तर्क येथे जणू प्रयोगात उतरला. मेलबर्न येथील विकी अँडरसन व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये १६४ मुलांची इजेच्या वयानुसार गटवारी केली, तेव्हा दोन वर्षांपूर्वी इजा झालेल्या मुलांची स्थिती जवळजवळ सर्व बाबतींत सर्वांत वाईट आढळली. एवढ्याने मात्र केनार्ड-तत्त्वाचे उलटे तत्त्व सिद्ध झाले असे समजू नये. कॅनडातील ब्रायन कोल्ब यांच्या उंदरांवरील प्रयोगांत जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांतील इजा घातक ठरते, तर साधारण दहाव्या दिवसाची इजा आश्चर्यकारक रीतीने भरून येते. मज्जापेशी जागेवर पोहोचून नवे सांधे झपाट्याने तयार होत असण्याचा काळ मेंदूला अनुकूल असतो. आधीचा काळ प्रतिकूल, नंतरचाही फारसा अनुकूल नाही. वय आणि परिणाम यांचा संबंध सरळ रेषेचा नाही.

सर्व निर्णय समवयस्कांशी होणाऱ्या तुलनेवर अवलंबून असल्यामुळे ते समवयस्क कोण, हा प्रश्न महाराष्ट्राच्या दृष्टीने जिव्हाळ्याचा होतो. धारवाड येथील व्ही. व्ही. कामत यांनी १९३० नंतरच्या दशकात बिने यांच्या बुद्धिमापन श्रेणीचे कानडी व मराठी भाषिक मुलांसाठी संस्करण केले. त्यावरील त्यांचा ग्रंथ १९४० मध्ये प्रसिद्ध झाला आणि ही श्रेणी पुढे दीर्घकाळ देशभर वापरात राहिली. ती एकूण बुद्धी मोजते. स्मृती, अवधान, आखणी यांची फोड तिच्यातून होत नाही. तशी फोड करणारा, ५ ते १५ वर्षांच्या भारतीय मुलांसाठीचा कसोटीसंच बंगळूरच्या निम्हान्स संस्थेतील भूमिका कर, शोबिनी राव व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये तयार केला. त्याची प्रमाणके बंगळूरच्या शाळकरी मुलांवरून ठरविलेली आहेत.

मराठी माध्यमातील मुलाला ती कितपत लागू करावीत, हे कसोटीगणिक ठरवावे लागते. आकृती पाहून काढण्यास भाषेची अडचण नाही. संख्यालेखनाचे तसे नाही. मराठीत एकम आधी व दशक नंतर उच्चारला जातो. ‘बावन्न’ ऐकणाऱ्या मुलाला ‘दोन’ प्रथम ऐकू येतो व लिहावयाचा असतो ‘पाच’. जर्मन भाषेतही क्रम असाच उलटा आहे, आणि ऑस्ट्रियातील पहिलीच्या मुलांवर २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात संख्यालेखनातील सुमारे निम्म्या चुका या उलटापालटीशी निगडित होत्या. ती मुले निरोगी होती. ‘बालभारती’ने २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’ बरोबर ‘वीस एक’ असे वाचन सुचविले, तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद माजला. त्यामागील अडचण हीच होती. डाव्या गोलार्धाला इजा झालेला आठ वर्षांचा मराठी मुलगा ‘बावन्न’ ऐकून २५ लिहितो, तेव्हा ती इजेची खूण की त्याच्या भाषेतील मुलांची नेहमीची चूक, हे इंग्रजी मुलांच्या तक्त्यावरून कळणार नाही. त्याच इयत्तेतील निरोगी मराठी मुले अशा किती चुका करतात व कोणत्या वयात त्या थांबतात, याचा तक्ता परीक्षकाजवळ असावा लागतो. आणि श्रुतलेखनाची तीच यादी त्या मुलाला वर्षभराने पुन्हा द्यावी लागते.